तपासलेली वही

"गृहपाठ किती असतो हो तुमच्याकडे?" असं मी विचारलं आणि काउंटरपलीकडच्या बाईंचा चेहरा खुलला. "त्याची तुम्ही काळजीच करू नका मॅडम. भरपूर असतो."

मी काही बोलले नाही. लेक शेजारीच उभी होती. तिने माझ्या ओढणीचं टोक हळूच ओढलं. बाई मनापासून सांगत होत्या. हा प्रश्न विचारणाऱ्या दहातल्या नऊ पालकांना हेच उत्तर हवं असतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. "आधी आम्ही कमी द्यायचो," त्या म्हणाल्या, "तर पालकच येऊन सांगायला लागले, मूल घरी मोकळं बसतं म्हणून." माहितीपत्रक, फीचा तक्ता आणि बसच्या मार्गांचा कागद घेऊन आम्ही बाहेर पडलो. जिना उतरताना लेक म्हणाली, "आई, आपल्याला कमी हवाय असं सांगायचं नसतं का?"

लेकीची आधीची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी हायस्कूल शोधणं भागच होतं. जानेवारीपासून मी आणि तिचे बाबा शनिवार काढून नाशिकभर शाळा पाहत होतो. सगळ्या खाजगी, त्यातल्या बहुतेक स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे पगारापासून पंख्यांपर्यंत सगळा खर्च फीमधून चालणाऱ्या. लोक प्रयोगशाळा बघतात, मैदान बघतात, दहावीचा निकाल विचारतात. आम्हीही विचारला. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती, ती म्हणजे संध्याकाळी पाच ते रात्री दहा. गेली दोन वर्षं ते पाच तास आमच्या घरातून नाहीसेच झाले होते.

सहावी-सातवीत रोज चार-पाच विषयांचा अभ्यास घरी यायचा. प्रत्येक विषयाच्या दोन वह्या, एक रफ आणि एक फेअर. वर्गात फळ्यावरून उतरवलेली उत्तरं घरी फेअर वहीत पुन्हा लिहायची. धड्याखालचा स्वाध्याय प्रश्नांसकट उतरवायचा, प्रश्न निळ्या शाईने आणि उत्तर काळ्या शाईने. त्यात महिन्याला एखादा प्रकल्प. त्यासाठी रात्री नऊ वाजता चार्ट पेपर शोधत स्टेशनरीच्या दुकानात मी जायचे, आणि तिथे आणखी तीन आया आधीच उभ्या असायच्या. आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो, पण दमलेलं हसू. व्हॉट्सॲप ग्रुपवर साडेदहाला कुणीतरी विचारायचं, "भूगोलाचं पान ४१ पूर्ण करायचं की फक्त नकाशा?" अकराला उत्तर यायचं. तोपर्यंत लेक टेबलावर डोकं ठेवून झोपलेली असायची आणि गालावर पट्टीच्या कडेचा वळ उमटलेला असायचा.

एकदा सहज दप्तराचं वजन केलं. ६ किलो २०० ग्रॅम. लेकीचं वजन ३८. केंद्र सरकारचं २०२० चं स्कूल बॅग धोरण सांगतं, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपुढे जाऊ नये. म्हणजे तिच्यासाठी पावणेचार किलोच्या आसपास. त्याच धोरणात गृहपाठाचंही माप दिलेलं आहे, हे मला तेव्हाच वाचताना कळलं. दुसरीपर्यंत गृहपाठ नको. तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी रोज एक तास, नववीपासून पुढे रोज दोन तास. कागदावर सगळं आहे. मी तो कागद छापून फ्रिजवर लावला. आमच्याकडे रोजचे साडेतीन तास भरत होते.

तरी मी तक्रार घेऊन शाळेत गेले नव्हते. अभ्यास जास्त म्हणून कोण तक्रार करतं? आपणच घोकून, लिहून वर आलोय असं मनात असतं. माझं मन बदललं ते एका वहीने.

विज्ञानाची वही होती. कव्हर फाटलं म्हणून मी नवं घालत होते आणि घालता घालता पानं चाळली. एका पानावर पचनसंस्थेचं उत्तर होतं. चार ओळी नीट होत्या. पाचवी ओळ 'लहान आतड्यात अन्नाचे' इथे तुटली होती आणि पुढे थेट 'म्हणून त्याला घर्षण बल म्हणतात' असं लिहिलं होतं. रफ वहीतून उतरवताना दोन पानं एकदम उलटली गेली असणार. त्या उत्तराखाली लाल बरोबर, तारीख आणि सही होती. मी पुढे पाहत गेले. आणखी एके ठिकाणी अख्खा परिच्छेद दोनदा लिहिलेला, खाली बरोबर. एका आकृतीत जठराला यकृत म्हटलेलं, खाली बरोबर.

मी लेकीला हाक मारली. रागावणार होते खरं तर. तिने पान बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "अगं, कोणी वाचत नाही. बाई पानाच्या खाली बघतात, भरलंय की नाही."

बारा वर्षांची मुलगी हे इतक्या सहज सांगते, तिला त्याचं काहीच वाटत नाही, हे मला फार लागलं. रोज साडेतीन तास ती जे लिहीत होती ते या जगात कोणीच वाचणार नव्हतं. तिला ते माहीत होतं. तरी ती लिहीत होती, कारण पान भरलं नाही तर डायरीत शेरा येतो. त्या बाईंनाही मी दोष देत नाही. पाच तुकड्या आणि प्रत्येक तुकडीत पन्नासच्या वर मुलं, म्हणजे अडीचशे वह्या. त्या कुठे आणि कधी वाचणार?

माझी आई निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवत होती. आता आमच्याजवळच असते. मी ती वही तिच्यापुढे ठेवली. चष्मा लावून तिने पाच-सहा पानं पाहिली, वही मिटली आणि म्हणाली, "एवढा अभ्यास द्यायचाच कशाला, तपासायला वेळ नसेल तर?"

मग ती तिच्या वर्गाबद्दल बोलायला लागली. एरवी ती त्या दिवसांबद्दल फारसं बोलत नाही. वर्गात बेचाळीस मुलं. लासलगावची बाजारपेठ जवळ, सगळी कांदा करणारी गावं. लागवडीच्या दिवसांत पोरं सकाळी वाफ्यात असायची आणि तशीच चिखलाच्या पायांनी शाळेत यायची. घरी गेल्यावर पुन्हा गुरं, पाणी, धाकटी भावंडं. "त्यांना पाच गणितं द्यायचे. पाचच. सहावं द्यायचंच नाही असं मी ठरवलेलं. कारण रोज दहा-अकरा वह्या मी पूर्ण वाचायचे, ओळ न ओळ. बाकीच्यांवर नजर फिरवायची. चार दिवसांत वर्ग फिरायचा. मला जेवढं वाचता येईल तेवढंच मी द्यायचे. मुलाला कळतं गं, आपला दिवस कोणता ते. त्या दिवशी ते नीट लिहितं. मग हळूहळू रोज नीट लिहायला लागतं."

मला जेवढं वाचता येईल तेवढंच मी द्यायचे. गृहपाठाचं इतकं साधं माप मला कुठल्या धोरणात सापडलं नव्हतं. त्या रात्री मी माझी प्रश्नांची यादी बदलली. 'किती असतो' हे खाली गेलं. 'कोण वाचतं' हे वर आलं.

मग आम्ही पुन्हा निघालो. पहिली शाळा मोठी, नवी, शहराच्या टोकाला. एका बाजूचा बसचा प्रवास पन्नास मिनिटांचा. आठवीपासूनच 'फाउंडेशन', म्हणजे पुढच्या प्रवेश परीक्षांची तयारी शाळेतच, आठवड्यातून तीन दिवस पाचपर्यंत. समुपदेशक म्हणाल्या, बाहेरच्या क्लासचा त्रासच नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोचिंग क्लासेससाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं म्हटलं आहे. तेच काम शाळेच्या भिंतींच्या आत झालं की त्याला काय म्हणायचं, हे मला समजलं नाही. माझी जाऊ तिच्या मुलाला तिथेच घालते आहे. तिचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. तो मुलगा स्वतः आकड्यांवर जीव टाकणारा आहे, सुट्टीतही कोडी सोडवत बसतो, त्याला ते आवडेल. माझी लेक तशी नाही. ती एखादी गोष्ट फार हळू चावते आणि मग विसरत नाही.

घरी येऊन मी तिथल्या दिवसाचा हिशेब मांडला. बस सकाळी ६.५०. त्याआधी उठणं सहाला. परत येणं चारला, फाउंडेशनच्या दिवशी सहाला. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचा अभ्यास करणारे डॉक्टर सांगतात. नऊ धरले तर झोपायचं रात्री नऊला. सहा ते नऊ या तीन तासांत खाणं, आंघोळ, गृहपाठ, आजीशी दोन शब्द आणि वाढत्या अंगाचा थकवा, सगळं बसवायचं. बसत नाही. आपल्या राज्यात २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवायचा आदेश निघाला, मुलांची झोप होत नाही म्हणून. आठवीतल्या मुलाची झोप जणू संपलेलीच असते, तिच्याबद्दल कोणी आदेश काढत नाही. प्रवासाचे शंभर मिनिटं हाही गृहपाठच, हे मी त्या दिवशी शिकले.

दुसरी शाळा बरोबर उलट होती. "आमच्याकडे गृहपाठच नाही," प्राचार्य अभिमानाने म्हणाले. वर्गातच सगळं करून घेतो. मला हायसं वाटलं, पण तिचे बाबा म्हणाले, शाळा सुटताना एकदा थांबू या. फाटकासमोर चहाची टपरी होती. तिथे उभं राहून आम्ही शाळा सुटायची वाट पाहिली. घंटा झाली, मुलं बाहेर आली, आणि निम्म्याहून जास्त मुलांनी गाडीवर बसल्या बसल्या दप्तर बदललं. आया डब्यासोबत क्लासची बॅग घेऊन आल्या होत्या. एकीला विचारलं. ती म्हणाली, "गृहपाठ नाही ना, मग सराव कुठे होणार? साडेपाच ते आठ क्लास असतो. आणि क्लासचा गृहपाठ घरी."

तेव्हा मला एक गोष्ट पटली. गृहपाठ नसणं हे माझं मागणं नव्हतंच. बीजगणित हाताने केल्याशिवाय येत नाही. निबंध एकट्याने, शांतपणे बसून लिहावा लागतो. अमेरिकेतले संशोधक हॅरिस कूपर यांनी गृहपाठावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, २००६ साली प्रसिद्ध केला. प्राथमिक वर्गांत गृहपाठाचा आणि गुणांचा संबंध फार क्षीण दिसतो, वरच्या वर्गांत तो वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. तिकडे शिक्षक एक सोपा नियम वापरतात, इयत्तेला दहाने गुणायचं. आठवीला ऐंशी मिनिटं. आपलं धोरण साठ म्हणतं. साठ घ्या नाहीतर ऐंशी, माझी तक्रार नाही. उरलेली संध्याकाळ मुलाला परत मिळाली पाहिजे.

मधल्या दोन शाळांबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. एकीकडे जागा भरल्या होत्या. दुसरीकडे मी आठवीच्या दोन वह्या बघायला मागितल्या तर ते गोपनीय असतं असं सांगितलं. मुलाच्या वहीत गोपनीय काय असतं? नाव झाकून दाखवा म्हटलं. तरी नाही. आम्ही उठलो.

शेवटची शाळा घरापासून सायकलने बारा मिनिटांवर. इमारत जुनी, रंग उडालेला. लिफ्ट नाही, चकचकीत माहितीपत्रक नाही. राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. एका वर्गात अडतीस मुलं, इयत्तेच्या दोनच तुकड्या. दहावीचा निकाल चांगला, पण वर्तमानपत्रात फोटो येण्याइतका नाही. तिचे बाबा इथे जरा थबकले होते, ते मी लपवत नाही. "इतर मुलं पुढे गेली आणि ही मागे राहिली तर?" असं ते रात्री म्हणाले होते. त्या भीतीवर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आजही नाही. दहावीला अजून दोन वर्षं आहेत.

मी मुख्याध्यापिकांना वह्या मागितल्या. त्यांनी जरा आश्चर्याने पाहिलं, मग शिपाईमामांना पाठवून आठवीच्या वर्गाच्या कपाटातून गणिताच्या पाच वह्या मागवल्या. कोणत्याही पाच. आजी बरोबर होतीच. तिने सगळ्यात वरची सोडून मधली वही उचलली.

एका चलाची समीकरणं चालली होती. मुलाने तिसऱ्या ओळीत पद एका बाजूकडून दुसरीकडे नेताना वजा तसाच ठेवला होता, त्यामुळे खालचं सगळं चुकत गेलं होतं. लाल पेनाने उत्तरावर फुली नव्हती. तिसऱ्या ओळीतल्या त्या चिन्हाभोवती एक छोटं वर्तुळ होतं आणि समासात लिहिलं होतं, 'इथे थांब. हे पद उडी मारून गेलं तेव्हा काय झालं? उद्या मला सांग.' खाली मुलाच्या हस्ताक्षरात, पेन्सिलीने, 'बाई, चिन्ह बदलायचं राहिलं.' आणि मग पुन्हा तेच गणित, बरोबर सोडवलेलं. त्याखाली लाल शाईत फक्त 'हं!'

त्या 'हं!'कडे मी बराच वेळ बघत राहिले. लेकही वाकून बघत होती. तिने इतकंच विचारलं, "म्हणजे त्या बाईंनी मधलं वाचलं?"

आठवीच्या वर्गात फळ्याचा उजवा कोपरा चौकोन आखून वेगळा केलेला होता. प्रत्येक तासाला शिक्षक त्यात गृहपाठ लिहितात आणि पुढे मिनिटं. गणित २०. मराठी १५. इतिहास, रिकामं. साठ भरली की पुढच्या तासाच्या शिक्षकाने त्या दिवशी काही द्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी आधी त्याला मान. ही पद्धत कुठल्या परिपत्रकातून आलेली नाही. पालक-शिक्षक संघाच्या सभेत एका आईने रडत रडत आपल्या घरची संध्याकाळ सांगितली, तेव्हापासून सुरू केली, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. कधी मोडते का? "मोडते की," त्या म्हणाल्या, "सहामाहीच्या आधी हमखास मोडते. मग मुलंच चौकोनाकडे बोट दाखवतात."

प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ साली शाळेच्या ओझ्यावर अहवाल दिला. दप्तराच्या वजनाची चर्चा तेव्हाही होती. पण त्या अहवालाने म्हटलं, दप्तराच्या ओझ्याहून घातक आहे ते न समजण्याचं ओझं. त्याला तीस वर्षं उलटून गेली. समासातलं ते 'इथे थांब' वाचताना मला तो अहवाल आठवला. त्या एका वर्तुळाने त्या मुलाच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं होतं, आणि त्यासाठी बाईंना अर्धं मिनिट लागलं असेल. अर्धं मिनिट गुणिले अडतीस. हे होण्यासारखं आहे. अडीचशे वह्यांना होण्यासारखं नाही. म्हणून आता कोणी मला विचारलं तर मी आधी सांगते, वर्गात मुलं किती आणि त्या शिक्षिकेकडे तुकड्या किती ते विचारा. गृहपाठाचं खरं उत्तर त्या दोन आकड्यांत असतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. सगळं गोड आहे असं नाही. पहिल्या पंधरवड्यात फळ्यावरची पस्तीस मिनिटं आमच्याकडे सव्वा तास चालली, कारण लेकीला विचार करून लिहायची सवयच राहिली नव्हती. तिचा हात चालायचा, डोकं थांबलेलं असायचं. प्रश्नाचं उत्तर पुस्तकात ज्या ओळीत आहे ती ओळ ती शोधत बसायची. बाईंनी पहिल्याच वहीत लिहिलं, 'हे पुस्तकाचं वाक्य आहे. तुझं सांग.' ती रडली. "माझं काय सांगू, मला माझं काही येत नाही," म्हणाली. त्या रात्री मी तिला जवळ घेऊन बसले आणि मनात आलं, सातवीच्या आधीच ही शाळा शोधायला हवी होती.

ऑगस्टच्या एका मंगळवारी ती साडेसातला वही मिटून उठली. आजी कॉटवर बसून शेंगा सोलत होती. तिने हात पदराला पुसले, वही मागून घेतली, दिव्याखाली धरली आणि समासातली लाल अक्षरं ओठ हलवत वाचली. दोन पानं मागे गेली, चार पुढे आली.

"वर्ग अडतीसचा ना?" तिने विचारलं.

"हो."

"म्हणजे रोज नऊ-दहा वह्या पूर्ण वाचत असणार. चार दिवसांत वर्ग फिरतो." तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "मागचा लाल शेरा शुक्रवारचा आहे. उद्या तुझा दिवस आहे, बघ."

लेक थबकली. मग तिने आजीच्या हातून वही परत घेतली, टेबलाशी जाऊन बसली आणि शेवटचं गणित पुन्हा एकदा वाचायला लागली.